स्पेअर गाडी डेपोत आहे का?

वाचकांचे प्रश्न : डोंगरवाटा

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी हिमाचलातल्या पिन पार्वती खिंडीचं नाव घेतलं, तेही ओझरतंच. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंचा फोन आला, "काका, या वेळी दुसरं काही नको, हेच घ्या." तर हेच घेतो. नवीन वाचकांसाठी सांगतो : मी साताऱ्याचा. एसटीत ३१ वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, २०२२ साली निवृत्त झालो. डॉक्टर नाही, गिर्यारोहणाचा प्रशिक्षकही नाही. पिन पार्वतीला दोनदा गेलो. २०१२ साली हात हलवत परत आलो, २०१४ साली ओलांडून पलीकडे उतरलो. पहिल्या खेपेनं जास्त शिकवलं, म्हणून उत्तरांत तीच जास्त डोकावेल.

आम्ही चौघे मित्र, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. कात्रज ते सिंहगड रात्रीची चाल तीनदा झाली, कळसूबाई झालं, पन्हाळा ते पावनखिंड तर दर पावसाळ्यात. पुढच्या सप्टेंबरात पिन पार्वतीचा बेत आहे. बँकेतली नोकरी, रजा दहा दिवस मिळेल. शनिवार-रविवार धरून सोळा दिवस होतात. बसेल का? (कोल्हापूर)

विमानानं चंदीगड गाठलंत तर कागदावर बसतं. आणि कागदावर बसतं, हीच पंचाईत आहे.

आधी वाट समजून घ्या. कुलूच्या बाजूनं पार्वती नदी धरून वर जायचं, ५३१९ मीटरवर खिंड ओलांडायची आणि पलीकडे स्पितीतल्या पिन खोऱ्यात उतरायचं. अलीकडे देवदार, भूर्ज, गुरांचे कुरणतळ, पाऊस. पलीकडे उघडेबोडके डोंगर, झाड औषधालाही नाही. भुंतरहून मणिकरणमार्गे बरशैणीपर्यंत गाडी जाते. तिथून चाल सुरू. आमचे मुक्काम २०१४ साली असे पडले : खीरगंगा (सुमारे २९५० मीटर), टुंडा भुज (३३००), ठाकूर कुआँ (साडेतीन हजार), ओडी थाच (३७५०), मंतलाई सरोवर (४१००), तिथेच आणखी एक पूर्ण दिवस, मग खिंडीच्या पायथ्याचा तळ, मग खिंड ओलांडून पलीकडचा तळ, पिन नदीच्या काठानं आणखी एक मुक्काम, आणि दहाव्या दिवशी मूद गाव. पुढे मूद ते काझा पन्नासेक किलोमीटर गाडीनं. काझाहून मनालीला दोनशे, मध्ये ४५५१ मीटरवरची कुंझुम ला ही खिंड.

आता तुमच्या सोळा दिवसांचा हिशोब करा. जायला दोन, चालायला दहा, काझा एक, मनाली एक, परत एक. झाले पंधरा. शिल्लक एक. एवढ्या चालीला एक दिवस शिलकीत ठेवणं म्हणजे दिवाळीच्या गर्दीत डेपोत एकही स्पेअर गाडी न ठेवण्यासारखं आहे. पहिली गाडी बंद पडेपर्यंत सगळं उत्तम चालतं. माझ्या मते चालीत दोन दिवस आणि परतीच्या रस्त्यासाठी एक, असे तीन मोकळे हवेत. मूद गाठलं म्हणजे घर गाठलं असं होत नाही. दरड कोसळली की काझात बसून राहावं लागतं.

आता माझीच गोष्ट. २०१२ च्या ऑगस्टअखेर आम्ही सहा जण झेलमनं अंबाल्याला उतरलो. परतीची तिकिटं कन्फर्म, खिशात. दोन दिवस मोकळे ठेवले होते. ते दोन्ही खीरगंगेला पावसात गेले. गरम पाण्याच्या कुंडात बसून आम्ही तारखा मोजत होतो आणि माझ्यातला वाहतूक नियंत्रक जागा झाला. उशिरा सुटलेली गाडी वाटेत वेळ भरून काढते तसं काढू म्हणालो. टुंडा भुजहून ठाकूर कुआँचा मुक्काम गाळून थेट ओडी थाच, दुसऱ्या दिवशी मंतलाई, आणि तिथला विश्रांतीचा दिवसही रद्द. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंतलाईला रात्री माझ्या मेव्हण्याला खोकला सुरू झाला. आधी कोरडा. मग आडवं झालं की दम लागायला लागला. अकरा वाजता तो तंबूत बसून, गुडघ्यावर हात टेकून श्वास ओढत होता आणि ओठ निळसर दिसत होते. आमच्याबरोबरच्या वाटाड्यानं बॅटरीच्या उजेडात त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "नीचे. अभी." सामान तिथेच टाकून आम्ही रात्रीच खाली निघालो. दोघे त्याला दोन्हीकडून धरून. पहाटे ओडी थाच, दुपारी ठाकूर कुआँ. तिथे त्यानं चहा मागितला आणि पत्ती जास्त झाली म्हणून कुरकुरला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आणि गंमत बघा : ज्या गाडीसाठी एवढी घाई केली, ती सुटायच्या चार दिवस आधीच आम्ही अंबाला स्टेशनवर येऊन बसलो होतो.

तेव्हा माझा सल्ला असा. दहा दिवसांत हमटा करा. मनालीजवळच्या जोबरापासून छतरूपर्यंत, खिंड ४२७० मीटर, चालायचे दिवस चार-पाच, आणि तीही हिरव्यातून ओसाडात उतरते. दोन दिवस शिल्लक ठेवूनही आरामात बसेल. उंचीवर तुमच्यापैकी कुणाचं डोकं दुखतं, कोण जेवत नाही, कोण चिडचिडतो, ते कळेल. पिन पार्वती त्याच्या पुढच्या वर्षी, वीस दिवसांची रजा मांडून. बँकेला एवढी रजा मागवत नसेल तर निवृत्तीपर्यंत थांबा. खिंड कुठे जात नाही.

वय ४४, नाशिक. रोज पाच किलोमीटर धावते. साल्हेर, ब्रह्मगिरी, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केला आहे. एवढी तयारी पुरेल का? जिममध्ये काय करू?

नळीच्या वाटेनं चढलात म्हणजे पाय आणि धीर दोन्ही आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण सह्याद्री आपल्याला दोन गोष्टी शिकवू शकत नाही. एक म्हणजे उंची. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई १६४६. तिथली हवा आणि नाशिकच्या गंगाघाटावरची हवा यांत फुप्फुसाला फारसा फरक कळत नाही. खिंडीवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच जास्त हाताला लागतो. याचा सराव खाली राहून होत नाही, तो वर जाऊन, हळूहळूच होतो. उलट धावणाऱ्यांना मी जास्त जपून राहा म्हणतो. त्यांचे पाय वेगात पुढे जातात आणि शरीराचं उंचीशी जमवून घेणं मागे राहतं. आमच्या दोन्ही खेपांना पहिल्या दिवशी सगळ्यात पुढे असणारा माणूस पाचव्या दिवशी सगळ्यात मागे होता.

दुसरी गोष्ट म्हणजे रोज. आपला सह्याद्रीचा ट्रेक रविवारी होतो आणि सोमवारी ऑफिसात पाय चोळत बसता येतं. तिथे दहा दिवस रोज पाच ते आठ तास चालायचं, रात्री झोप तुटक, भूक मंद. म्हणून सराव करायचा तो सलग दिवसांचा. शनिवारी ब्रह्मगिरी, रविवारी पुन्हा तोच, दुखणाऱ्या पायांनी. पाठीवर आठ-नऊ किलो. वजनाला पाण्याच्या बाटल्या भरा, गुडघे कुरकुरले तर वर ओतून देता येतात. जिममध्ये जायचंच तर उतारासाठी जा : पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरायचा व्यायाम. गुडघे चढताना जात नाहीत, उतरताना जातात, आणि खिंडीपलीकडे मूदपर्यंत दीड हजार मीटर उतरायचं आहे.

बर्फावर पाय ठेवायची सवय हवी असेल तर मनालीच्या किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम करा. जवळजवळ महिना जातो. माझी पुतणी करून आली, आता ती मला दोराच्या गाठी शिकवते आणि चुकलो की ओरडते.

माझा मुलगा २४ वर्षांचा, इंजिनीअर. तो आणि त्याचे दोन मित्र गाईड न घेता जाणार म्हणतात. मोबाइलवर वाटेचा ट्रॅक उतरवून घेतला आहे, शिवाय परदेशातून उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र मागवतो आहे. मी नको म्हटलं की "आई, तुला काही कळत नाही" म्हणतो. काय सांगू त्याला? (ठाणे)

ताई, त्याला हे पान वाचायला द्या. तुमचं ऐकणार नाही, छापील कदाचित ऐकेल.

बाळा, ट्रॅक चुकीचा नाही. मंतलाईपर्यंत तू त्याच्यावर पोचशीलही. पुढे हिमनदी लागते आणि हिमनदी दर वर्षी तीच नसते. बर्फात भेगा असतात. जुलैत त्या हिवाळ्यातल्या उरलेल्या बर्फाखाली झाकलेल्या असतात, सप्टेंबरात बऱ्याचशा उघड्या. ज्यानं गेल्या वर्षी ट्रॅक नोंदवला तो जिथून चालत गेला, तिथे या वर्षी खड्डा असू शकतो. मोबाइलवर हिरवी रेघ तशीच दिसत राहील. तिथे दोर बांधून चालतात, आणि तिघांपैकी एक पडला तर उरलेल्या दोघांना त्याला वर ओढायची पद्धत हातात बसलेली लागते. व्हिडिओ बघून ती बसत नाही. थंडीत मोबाइलची बॅटरी तासाभरात मान टाकते, ते वेगळंच.

यंत्राचं मात्र गंभीरपणे ऐक. आपल्या देशात उपग्रह फोन आणि तसली संदेशयंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाहीत. विमानतळावर अशा यंत्रासकट सापडलेल्या पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या येत असतात. आणि नेपाळसारखं फोन केला की विम्यावर खाजगी हेलिकॉप्टर येतं, तसं इथे नाही. इथे निरोप माणसाच्या पायांनी खाली जातो, मग प्रशासन हलतं. बरशैणीच्या वर गेलास की मदत म्हणजे तुझ्याबरोबरची माणसं. तेव्हा ती नीट निवड.

आणि तुम्हाला, ताई, एक सांगतो. गाईड घेतला म्हणजेही सगळं झालं असं नाही. मुलगा कुठल्या संस्थेबरोबर जाणार असेल तर पैसे भरण्याआधी त्याला चार प्रश्न विचारायला लावा. खिंडीच्या दिवशी किती लोकांमागे एक जाणता माणूस? दोर कोण नेणार आणि किती लांबीचा? प्राणवायूचं सिलिंडर बरोबर असतं की खालच्या ऑफिसात? चौथा प्रश्न कुणी विचारत नाही : हमाल काय घालणार? या खिंडीवरून खेचरं जात नाहीत, सगळं ओझं माणसांच्या पाठीवर. त्यातले बरेच नेपाळी. २०१४ साली आमच्या एका हमालाच्या पायात पावसाळी रबरी बूट होते, आत मोजे नव्हते. आम्ही आमचे दिले. जी संस्था हमालाला बूट आणि झोपायची पिशवी देते, ती तुमच्या मुलालाही जपेल. बाकी तिचं रंगीत माहितीपत्रक बघू नका.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स घ्यावी का? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. (लातूर)

गोळीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. त्यांना रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट नेऊन दाखवा, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात आणि डायमॉक्सही तेच करते. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर तेही सांगा. त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, म्हणजे बाजारातल्या २५० च्या गोळीची अर्धी, चढायच्या आदल्या दिवसापासून. मी घेतली होती. बोटांना मुंग्या येतात, रात्री तीनदा तंबूची चेन उघडावी लागते आणि सोड्याची बाटली उघडली तर सपक लागते. घाबरण्यासारखं यात काही नाही. एक-दोन दिवस घरीच घेऊन बघा, म्हणजे तिथे मुंग्या आल्या की जीव घाबरा होणार नाही.

पण गोळी म्हणजे घाईचा परवाना नव्हे. तीन हजार मीटरच्या वर रोजचा झोपायचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची, हा खरा उपाय. मंतलाईचा जादा दिवस त्यासाठीच. तिथून पुढचा तळ सहा-सातशे मीटर वर आहे, ती उडी टाळता येत नाही, म्हणून आधी दम खायचा. त्या दिवशी लोळत पडू नका. दुपारी दोनशे-तीनशे मीटर वर फिरून या आणि झोपायला खाली परत.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, हे झालं तर वर जायचं नाही, थांबायचं. बसल्या जागी दम लागणं, छातीत घरघर, ओठ निळे, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देणं, असंबद्ध बोलणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. शंका आली की आम्ही जमिनीवर काठीनं रेघ मारतो आणि टाचेला बोट लावून त्या रेघेवर दहा पावलं चालायला लावतो. तोल गेला की सामान बांधायचं. रोज संध्याकाळी सगळ्यांनी चालायचं, म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही. आमच्यात तो खेळच झाला होता. आणि झोपेच्या गोळ्या व दारू, दोन्ही घरी ठेवा. त्या थंडीत घोटभर चालतं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतोच.

जायचं कधी? काही जण जुलै म्हणतात, काही ऑक्टोबर. (रत्नागिरी)

मी ऑगस्टचे शेवटचे दिवस ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा म्हणेन. त्यातही सप्टेंबर. जुलैत बरशैणीच्या रस्त्याला पाऊस आणि दरडी. २०२३ च्या जुलैत बियास नदीनं मनाली-कुलूचा काय हाल केला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच आठवड्यात कुंझुमजवळ चंद्रतालला बर्फ पडून अडीचशेहून अधिक लोक अडकून पडले होते. जुलैत! स्पिती पावसाच्या सावलीत आहे खरी, पण सावलीतही कधी शिंतोडे येतात.

ऑक्टोबरबद्दल कोकणातल्या माणसाला सांगायला सोपं आहे, कारण तुम्हाला वादळ कळतं. ऑक्टोबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा महिना. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याची उरलीसुरली हवा उत्तरेकडे सरकत नेपाळात पोचली आणि १४ तारखेला अन्नपूर्णा परिक्रमेतल्या ५४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीवर बर्फाचं वादळ झालं. त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवसांत आकाश निळं होतं. आम्ही पिन पार्वतीहून परत येऊन महिनाही झाला नव्हता. पेपर हातात घेऊन मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो. समुद्रात उठलेलं वादळ, हजार किलोमीटरवर, समुद्र न पाहिलेल्या गावच्या डोक्यावर. तेव्हापासून डोंगरात जाण्याआधी मी हवामान खात्याचं उपसागराचं पानही बघतो. आठवडाभरात काही गोळा होताना दिसलं तर तो मोकळा दिवस खालीच, जंगलात, वापरायचा.

खिंडीच्या दिवशीची वेळही विचारली आहे. पहाटे तीन-चारला निघा. रात्रीचं बर्फ घट्ट असतं, पाय रुतत नाही, भेगांवरचे बर्फाचे पूल टिकतात. ऊन चढलं की सगळं मऊ. दुपार व्हायच्या आत हिमनदीवरून उतरलेलं असावं. ओढ्यांचं गणित हेच. पलीकडे पिन नदीला येऊन मिळणारे ओढे सकाळी पोटरीइतके असतात आणि दुपारी बर्फ वितळून मांडीला लागतात. सकाळी ओलांडा. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत की नाहीत हे पलीकडे गेल्यावर मोजून बघावं लागतं. सँडल घालूनच उतरा, अनवाणी नको.

जेवणाचं काय करता? (सोलापूर)

सोलापूरकरांनी हे विचारावं! शेंगाचटणी न्या, किलोभर. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तीच. चार हजार मीटरच्या वर जीभ मरते, गोड नकोसं होतं, चॉकलेटकडे बघवत नाही. तेव्हा भातावर मेतकूट आणि तूप, किंवा कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी, एवढंच घशाखाली जातं. खिंडीच्या तळावर पाणी ८३-८४ अंशांवरच उकळतं, त्यामुळे तूरडाळ रात्रभर ठेवली तरी दात दाखवते. कुकर हवाच, नाहीतर मुगाची डाळ. भडंग हलकं, पण जागा फार खातं. गॅसच्या डब्या रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, त्या मनालीत घ्या. रिकाम्या डब्या आणि प्लास्टिक परत आणा. मंतलाईच्या काठी शंकराचं स्थान आहे, त्रिशूळ आहेत, आणि त्यांच्याभोवती आपल्याच लोकांनी टाकलेली नूडल्सची पाकिटं. २०१४ साली आम्ही एक पोतं भरून पलीकडे नेलं.

पाळीच्या दिवसांत खिंड ओलांडावी लागली तर? पुढे ढकलायच्या गोळ्या घ्याव्यात का? विचारायला संकोच वाटतो. (पुणे)

संकोच कसला. मला यातलं कळत नाही, म्हणून पुतणीला विचारलं. ती म्हणते : उंचीवर पाळी मागेपुढे होऊ शकते, तारखेवर विसंबू नका, सामान बरोबर ठेवाच. गोळ्यांबद्दल आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, कारण काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि उंचीवर रक्त आधीच दाट झालेलं असतं. तिथे कप वापरायचा असेल तर दोन-तीन महिने घरी सवय करा, कारण हात धुवायला पाणी मिळतं ते बर्फाचं. वापरलेलं सगळं जाड काळ्या पिशवीत बंद करून परत. गटातल्या एका बाईला आणि गाईडला आधी सांगून ठेवा. तिच्या गाईडनं त्या दिवशी तिचं निम्मं ओझं न बोलता स्वतःच्या पिशवीत टाकलं होतं.

मी आठवीत आहे. खिंडीच्या वर गेल्यावर काय दिसलं? आणि ती कुणी शोधली? (वाई)

माझ्याच तालुक्याच्या शेजारचा दिसतोस. शोधली म्हणजे, गुराखी आणि मेंढपाळ डोंगरात कुठून कुठे जात असतील ते कुणी लिहून ठेवलं नाही. लेखी नोंदीत नाव येतं ते सर लुई डेन या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८८४ साली तो स्पितीला जायला दुसरी वाट शोधत या खिंडीतून गेला. पुढे तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. म्हणजे तोही माझ्यासारखा मार्ग तपासणारा माणूस, फक्त त्याला बढती जास्त मिळाली. वाटेत पार्वती नदीवर प्रचंड शिळा आडव्या पडून झालेले नैसर्गिक पूल आहेत, त्यांना पांडूपूल म्हणतात. भीमानं टाकले असं तिथले लोक सांगतात. आपल्याकडेही कुठल्याही डोंगरात लेणं दिसलं की ते पांडवांनीच कोरलेलं असतं, तसंच.

वर काय दिसलं? खरं सांगू, पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मी बर्फावर बसलो होतो, डोकं खाली घालून श्वास मोजत. मग मेव्हण्यानं हाक मारली (हो, तोच, दोन वर्षांनी पुन्हा आला होता, या वेळी सावकाश) आणि मी मागे वळून बघितलं. ज्या बाजूनं आलो तिकडे ढग भरले होते, खाली कुठेतरी हिरवं असेल. पुढे बघितलं तर ढगाचा ठिपका नाही. तांबडे, पिवळे, जांभळट डोंगर, एकामागे एक, गावाबाहेरच्या वीटभट्टीसारखे कोरडे. एकाच जागी उभं राहून एका डोळ्यानं पावसाळा आणि दुसऱ्यानं उन्हाळा बघावा तसं. गाईडनं दगडांच्या ढिगाऱ्यावर उदबत्ती लावली. काडी चार वेळा विझली.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगतो : खिंडीनंतर दोन दिवसांनी मूदजवळ शेतं लागली. पिन खोऱ्यातला मटार प्रसिद्ध आहे, तोडणीचे दिवस होते. बायका पाठीला टोपल्या लावून शेंगा तोडत होत्या. दहा दिवस हिरवं न खाल्लेली आम्ही सहा माणसं बांधावर उभी राहून नुसती बघत होतो. त्यातल्या एका आजींनी काही न विचारता माझ्या टोपीत दोन मुठी शेंगा टाकल्या. पैसे द्यायला गेलो तर हसल्या आणि आणखी एक मूठ टाकली.